भालेरावचा भाला

आमच्या नातीच्या हातात काही टिकायचं नाही. ढेकूळ, वांगं, चप्पल, जे सापडेल ते फेकायची. नेम धरून नव्हे, लांब जावं म्हणून. पुढं शाळेत भाला हातात आला आणि सांगवीत तिला सगळे भालेराव म्हणू लागले. आमचं आडनाव ते नाही.

सरावाला पळत येऊन फेकण्याइतकी मोकळी जमीन नव्हती, चहूकडे ऊस. म्हणून ती कालव्याच्या भरावावर चढायची आणि खाली आमच्या पडीक तुकड्यात भाला टाकायची. मी तिथंच गवत कापायचे. वरून ओरडायची, "म्हातारे, सरक! तुझ्या दहाव्यापायी माझी चाचणी बुडंल." निवडीला लागतं तेवढ्या अंतरावर तिनं खाली दगड मांडला होता. भाला रोज दगडाच्या पुढं रुतायचा.

बारावी झाली तेव्हा माझ्या मुलानं सांगून टाकलं. निवड झाली तर पुण्याला खेळाडूंच्या वसतिगृहात, नाहीतर इंदापूरच्या स्थळाला होकार. तिला लग्न नको होतं. घास हातात धरून बसायची. "दगडाच्या पुढं पडतोय की, आज्जे. पडतोय ना?" हेच पुन्हा पुन्हा.

चाचणीच्या दिवशी बारामतीच्या मैदानावर पहिलाच भाला खुणेच्या बराच अलीकडं पडला. तिथले सर म्हणाले, "फार सपाट सोडतेस, पोरी. उंचावरून टाकायची सवय आहे का?"

भरावावरून सपाट सोडलेल्या भाल्याला खाली यायला वेळ लागतो, तेवढ्यात तो लांब जातो. सपाट रानावर तो लगेच टेकतो. आमच्यात कुणाच्या डोक्यात हे आलं नाही. दुसऱ्या वेळी तिनं टोक वर केलं, तर हातातला वेगच गेला. तिसऱ्याला जीव खाऊन पळाली. पण भाला सुटला तो पुन्हा सपाटच.

"हात ऐकंना, आज्जे," एवढंच म्हणाली.

मी मुलाला म्हटलं, अजून एक साल दे तिला. तो म्हणाला, "मी शब्द दिलाय, आई." भांडले, जेवण सोडलं. लग्न व्हायचं ते झालं.

परवा इंदापूरला गेले. डाळिंबावरचे पोपट उठवायला तिनं ढेकूळ मारलं. ते चांगलं वर चढलं आणि बागेच्या पार पलीकडं पडलं.

"आता जमतंय बघ," ती म्हणाली. मग विचारलं, "माझा भाला कुठं हाय?"

"कापडं वाळत घालते त्याच्यावर."

तिनं वाकून दुसरं ढेकूळ उचललं.

"उंच बांध, म्हातारे. त्याला तीच सवय हाय."