शेवटच्या सतरंजीपर्यंतची वायर

दादा सकाळी गेला आणि दुपारपर्यंत त्याचा आवाज सुधारला. म्हणजे ऐकणाऱ्यांच्या लेखी. आदल्या आठवड्यापर्यंत त्याच्या नव्या अल्बमखाली ‘आजोबा, आता आराम करा’, ‘हे गाणं आहे की दम्याच्या औषधाची जाहिरात’ असं लिहिणारी माणसं तिथंच ‘अमर आवाज’ लिहून, हात जोडल्याचं चित्र टाकून गेली. एकानं तर आपलं जुनं पुसायचेही कष्ट घेतले नव्हते. वर थट्टा, खाली फुलं, दोन्हीकडे नाव एकच. दादाची मुलगी प्रज्ञा आत डॉक्टरांशी बोलत होती आणि मी इस्पितळाच्या बाकावर बसून फोनवर हे वाचत होते. राग एवढा आला होता की रडू यायला जागाच उरली नव्हती.

सुखदेवदादा माझा थोरला भाऊ. नाशिकरोडच्या एका छापखान्यात त्यानं नोकरी केली आणि उरलेला सगळा वेळ गाण्याला दिला. गाणं तोच लिहायचा, चालही त्याचीच. भीमजयंतीच्या दिवसांत तर तो घरी जेवायलासुद्धा सापडायचा नाही, आज चांदवड तर उद्या घोटी. पण गाण्यापेक्षा त्याची प्रसिद्धी होती ती त्याच्या वायरीसाठी. माइकला त्यानं मुद्दाम लांबलचक काळी वायर जोडून घेतली होती. नवं गाणं म्हटलं की तो माइक पुढच्या खुर्च्यांकडे कधीच द्यायचा नाही. तिथं पाहुणे बसतात, आणि पाहुणा चहा प्यायलेला असतो, तो ‘वा’च म्हणणार, असं त्याचं मत. माइक हातोहात मागं मागं जायचा आणि दादा स्टेजवरून विचारायचा, ‘शेवटची सतरंजी काय म्हणते?’

शेवटची सतरंजी काहीही म्हणायची. चांदवडच्या कांद्याच्या खळ्यावर आमच्या आईनं कांदे निवडण्यात जन्म घालवला. तिच्यावरचं गाणं दादानं घोटीला पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा मांडीवर मूल घेतलेली एक बाई माइकमध्ये म्हणाली, “गाणं चांगलंय, पण आईचं लय कौतुक केलं तुम्ही. तिला कधी राग नाय आला का?” सगळे हसले. दादा हसला नाही. त्यानं ते कडवं मोडून नवं बांधलं, आणि आई आली ती चिडलेली, डोळे चुरचुरणारी, आम्हाला शिव्या घालणारी. खरी आई. मी मात्र त्याआधीच ‘छान आहे’ म्हणून मोकळी झाले होते. त्यावर तो मला म्हणाला होता की तुला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, तेव्हा तू बोलत नको जाऊस. बहिणीलाही सूट नव्हती.

मग फुप्फुसं गेली. एकदम नाही, हळूहळू... आधी जिना, मग बाजार, मग वरचा सूर. त्याच अवस्थेत त्यानं शेवटचा अल्बम केला. एका स्टुडिओवाल्यानं मोठ्या प्रेमानं बासरी भरली, व्हायोलिनं भरली, आईच्या गाण्यात तर इतकं काही भरलं की आईला बसायला जागा राहिली नाही. दादाला काहीतरी खटकत होतं. पण काय ते त्याचं त्यालाच सापडेना. आयुष्यभर दुसऱ्याच्या कानानं स्वतःला तपासलेला माणूस तो, त्याला ते कान हवे होते. मला त्यानं विचारलं. मी म्हटलं, मला नाही आवडलं. का, ते मला सांगता येईना. “मग काय उपयोग,” तो म्हणाला आणि कूस बदलली.

अल्बम फोनवर आला तेव्हा त्याला वाटलं, शेवटची सतरंजी आता इथं अंथरलीय. ही त्याची चूक, आणि अशी चूक फक्त त्याच्यासारख्या स्टेजवरच्या माणसानंच करावी. प्रज्ञाकडून तो एकेक मत वाचून घ्यायचा आणि प्रत्येकाला उत्तर लिहायला लावायचा. ‘कोणत्या गाण्यात, कोणत्या ओळीला दम लागला ते कृपया कळवावे. जय भीम.’ एकाचंही उत्तर आलं नाही. नाही म्हणायला एकानं नुसती हसणारी तोंडं पाठवली. दादानं प्रज्ञाला विचारलं, “म्हणजे नेमकं काय म्हणतोय तो?” ती पोर उठून स्वयंपाकघरात गेली. भेटायला येणारे पुढच्या खुर्चीवरचे. शाल घालायचे, अप्रतिम म्हणायचे, आणि कोणतं गाणं आवडलं विचारलं की या अल्बममध्ये नसलेल्याच गाण्याचं नाव घ्यायचे.

उरले बनसोडे. मनमाडला रेल्वेत होते, आता निवृत्त. दादाचा जवळपास कार्यक्रम असला की शेवटच्या सतरंजीवर हमखास बसणार आणि माइक आला की मोजकं, झोंबणारं बोलणार. दादाचा सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्या कानावर. ते भेटायला आले तेव्हा दादानं नाकाची ऑक्सिजनची नळी बाजूला करून विचारलं, अल्बम कसा वाटला. बनसोड्यांनी कपात बघत सांगितलं, “चांगला झालाय, दादा.” ते गेल्यावर दादानं नळी परत लावली. मग म्हणाला, “बनसोडेही पाहुणा झाला.” त्यानंतर त्यानं अल्बमबद्दल कुणालाच काही विचारलं नाही.

दादाच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आमचं विहार भरून वाहत होतं. त्रिशरण-पंचशील झालं, भाषणं झाली, त्यांत शेवटचा अल्बम कळस ठरला. मग प्रज्ञानं ती काळी वायर जोडली आणि माइक मागं पाठवला. बनसोडे उभे राहिले. म्हणाले, हा अल्बम दादांचा नव्हे. पुढची मंडळी अस्वस्थ झाली, एकानं वायर ओढायला घेतली, मी त्याचा हात धरला. “आईचं गाणं वाद्यांनी बुडवलं,” बनसोडे म्हणाले. “दादांचा श्वास तुटतो तिथं बासरी घातली. तो तुटू द्यायचा व्हता. ती बाई दमलेलीच व्हती ना. नुसत्या ढोलकीवर म्हटलं असतं तर...” त्यांनी माइक खाली ठेवला.

हेच ते. एवढंच हवं होतं त्याला. बनसोडे घरी आले त्या दिवसांत एका गाण्यापुरता दम त्याच्यात शिल्लक होता, ढोलकी खाटेखालीच होती.

जेवणं झाल्यावर मी त्यांना गाठलं. हे तेव्हा का बोलला नाहीत, विचारलं. त्यांचे डोळे भरले.

“ताई, आजारी माणसाला असं कसं सांगायचं? वाईट वाटलं असतं त्यांना.”

“वाईट त्याला वाटतच होतं, बनसोडेभाऊ,” मी म्हटलं. “कशाचं, तेवढं कळत नव्हतं.”

त्यांनी हात जोडले. मी जोडले नाहीत. थट्टा करणाऱ्यांना मी एक वेळ विसरेन, पण या भल्या माणसाला माफ करणं मला अजून जमलेलं नाही.

वायर दादाच्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. कोपर आणि पंजा यांच्यात वेढे देऊन तो गुंडाळायचा, तशीच प्रज्ञानं गुंडाळलीय. परवा काही मंडळी आली होती, दादाच्या नावानं दर वर्षी मोठा कार्यक्रम करायचा म्हणतात. मी वायर काढून पुढं केली, तर त्यांनी समजावलं की आता बिनवायरचे माइक असतात, शिवाय बोलणारे सगळे पुढच्याच रांगेत बसणार आहेत. मी वायर परत खिळ्याला लावली. तेवढ्या अंतराला ती लागणार नाही, हे खरंच आहे.