हॉलमधला नेम

उजव्या हातावरून वारं जाण्याआधी बायको ऑफिसच्या पेंटबॉल संघातून, रंगाच्या गोळ्यांची बंदूक घेऊन, खेळायची. डॉक्टर म्हणाले, "आवडीचं काहीतरी करू द्या, पण फार अपेक्षा ठेवू नका." म्हणून शनिवार पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या हॉलमध्येच मी नेमाची जागा केली. पडद्याच्या दांडीवर जुनी गोधडी सैल सोडली, कारण ताणून बांधली तर गोळी उलटी येते. तिच्यापुढे पुठ्ठ्याचं खोकं टांगलं आणि त्यावर ताट व वाटी ठेवून दोन वर्तुळं काढली. खाली प्लास्टिक अंथरलं. टेपने बारा फूट मोजून खुर्ची मांडली.

दुपारी एक ते चार आम्ही थांबायचो. तरी खालचे काका जिन्यात म्हणालेच, "युद्ध संपलं की कळवा, म्हणजे झोपता येईल."

बारा फुटांवरून एकही गोळी खोक्याला लागली नाही. बंदूक उचलताना हात अर्ध्यातच गळून पडायचा. खुर्ची हळूहळू पुढे सरकत गेली. शेवटी चार फुटांवरून, मी तिचं कोपर धरलेलं असताना, वाटीच्या वर्तुळात पिवळा डाग उमटला.

तिने लगेच नागपूरला मुलीला फोन लावला, स्पीकरवर. "बारा फुटांवरून मारलं गं, एकटीने!"

"बाबा, खरंच?"

शिंप्याकडेसुद्धा मी स्वतःचा टेप घेऊन जातो, हे मुलीला ठाऊक आहे. बायको माझ्याकडे बघत होती.

"हो," मी म्हणालो, "मीच मोजलं."

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "अहो, आता काढून टाका ते सगळं."