आम्ही ढकललेला गाडा

आमच्या गावाला अक्कल नव्हती असं कुणी म्हणू नये. लोक म्हणतात, जुन्या काळची माणसं, अडाणी होती बिचारी. बिचारी कसली! भाताच्या खाचराचा बांध चार बोटं सरकला तरी ओळखणारी माणसं ती. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीच्या एका उन्हाळ्यात वेल्ह्याकडच्या आमच्या खोऱ्यात पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, आली, तेव्हा काय करायचं हे त्यांना नीट सांगून झालं होतं. भोरहून आलेला औषधवाला चावडीत तासभर उभा राहून बोलला. पाणी उकळून प्या, आजाऱ्याची फडकी ओढ्यात धुऊ नका, एकमेकांच्या गावी जाऊ नका. सगळ्यांनी माना डोलावल्या, त्याला गुळाचा चहा पाजला. तो वळणाआड दिसेनासा झाला आणि गावानं सुताराला बोलावून गाडा करायला सांगितला.

गाडा म्हणजे मरीआईचा. पटकी हा देवीचा कोप, असं आमच्याकडे मानत. म्हणून छोट्या लाकडी गाड्यात देवी बसवायची, लिंबं-बांगड्या बांधायच्या, वाजतगाजत हद्दीपर्यंत न्यायची आणि पुढच्या गावाच्या अंगणात सोडून यायचं. त्यांनी ती त्यांच्या पुढच्या गावाला द्यायची. ज्या घरात माणूस आजारी असेल त्या घरची एक चिंधी गाड्याला बांधत, म्हणजे आजार चिंधीबरोबर जातो. असा तो गाडा एकेका गावानं खाली खाली ढकलायचा. तो शेवटी कुठे जाऊन थांबतो, हे आमच्या गावात कुणी कधी विचारलं नाही. मीही नाही.

त्या वेळी मी वीस-एकवीस वर्षांचा होतो. आमच्या खालचं गाव म्हणजे माझ्या आक्काचं सासर. दोन्ही गावांच्या मध्ये एक ओढा होता, तीच हद्द. उन्हाळ्यात ओढा आटला की खालच्या गावच्या बायका वाळूत झिरा खणायच्या आणि वाटीवाटीनं पाणी काढून घागर भरायच्या. आमचा गाडा थांबायची जागा बरोबर त्या झिऱ्याच्या वर होती. शिवाय रीत अशी की, गाडा सोडला की ढकलणाऱ्यांनी तिथेच हातपाय धुवायचे, नाहीतर देवी मागोमाग घरी येते.

मी आबांशी बोललो. माझे वडील म्हणजे गावातलं मोठं माणूस, गाड्याला पहिला हात त्यांचाच.

"आबा, त्या झिऱ्याचं पानी आक्का भरती."

"मग? देवी सोडायची जागा तीच हाये. बापजाद्यांपास्नं."

"जरा वर माळावर ठिवू की. पान्यापास्नं लांब."

"तुझ्यासाठी देवीनं वाट बदलायची व्हय?" आबा म्हणाले. "खांदा लाव गुमान. लोकं बघत्यात."

लोकं बघत्यात. या दोन शब्दांनी आमच्या खोऱ्यात जेवढी माणसं मारली, तेवढी पटकीनंही मारली नसतील. मी खांदा लावला. हलगी वाजत होती, बायका ओवाळत होत्या, आणि सहा घरांच्या चिंध्या लोंबत असलेला तो गाडा आम्ही पंधरा-वीस जणांनी ओढ्यावर नेऊन सोडला. ज्यांच्या घरात माणसं हगवणीनं लोळत होती, तेही त्यात होते. सगळ्यांनी झिऱ्याच्या पाण्यात हातपाय धुतले. मीही धुतले. मागे वळून बघायचं नसतं म्हणून बघितलं नाही.

त्यानंतर गाव बांधलं. म्हणजे तीन दिवस कुणी बाहेर जायचं नाही, बाहेरच्यानं आत यायचं नाही. वाटांवर बाभळीच्या फांद्या टाकल्या आणि वडीलधारी माणसं पाळीपाळीनं राखणीला बसली. ओढ्याकडच्या वाटेवर आबा होते. मी तीन दिवस गोठ्यात शेण ओढत होतो आणि स्वतःची समजूत घालत होतो, की खालच्यांनी तो झिरा बुजवून दुसरा खणला असेल.

चौथ्या दिवशी फांद्या काढल्या, तसा मी ओढ्यावर गेलो. गाडा तिथे नव्हता, त्यांनी तो आणखी खाली ढकलला होता. पलीकडच्या काठावर दाजी, माझ्या आक्काचे नवरे, बसलेले दिसले. डोक्याचे केस काढलेले. मला वेगळं काही विचारावं लागलं नाही.

"आमच्या मान्सांनी म्हनलं," दाजी सांगू लागले, "ज्या गावची देवी, त्याच गावच्या लेकीनं तिची वटी भरावी अन् तिला फुडं लावावी. तिच्या म्हायेरानं धाडली, तर तिनंच बोळवावी. ती न्हाई म्हनली न्हाई. झिऱ्याच्या पान्यानं तिनं देवी धुतली, अन् ते पानी तीर्थ म्हनून प्याली. दुसऱ्या दिशी सांजच्याला सुरू झालं."

मी खाली वाळूत बसलो. त्यांच्या गावाचा मला जितका राग आला, तितका आजवर कुणाचा आला नसेल. आम्ही त्यांच्या पाण्यात घाण केली आणि त्याचा सूड त्यांनी एका बाईवर उगवला, तेही हात जोडून, हळदीकुंकू लावून.

"आईला बघायचं, तुला बघायचं, येवढंच बोलत व्हती," दाजी म्हणाले. "म्या परवा आलो व्हतो सांगाया. हितंच हुबा राहून हाका मारल्या. तुमचे आबा पल्याड व्हते. म्हनले, गाव बांधलंय, मोडता येत न्हाई. तवर ती जिती व्हती."

परवा रात्री आबा आमच्या पंक्तीला बसून जेवले होते. आईनं आक्काचा विषय काढला, तर म्हणाले होते, बरी असंल.

मी घरी येऊन आईसमोर आबांना विचारलं. बापासमोर आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. त्यांनी नाकारलं नाही. शांतपणे म्हणाले, "जाऊन काय केलं असतंस? त्यो आजार घिऊन घरी आला असतास. त्यो औषधवालाच सांगून गेला न्हवता का, एकमेकांच्या गावी जाऊ नगा म्हून?"

औषधवाल्याचं बोलणं त्यांना लागलं तेव्हा बरोबर आठवलं. आमच्या माणसांचं हे असं होतं. नवं काही आलं की त्यातलं जेवढं आपल्या सोयीचं तेवढं उचलायचं, आणि बाकीच्यासाठी बापजादे आहेतच. आई भिंतीकडे तोंड करून बसली ती दिवेलागणीपर्यंत.

महिन्याभरानं गावानं देवीची पंगत घातली. गाडा गेल्यापासून गावात नवीन कुणी आजारी पडलं नव्हतं, म्हणून. गावातलं सगळ्यात थोरलं म्हातारं माणूस उठून म्हणालं, "देवी पावली. गाडा सोडल्यापास्नं गावचं येक बी मानूस दगावलं न्हाई."

"माझी आक्का?" मी बसल्या जागेवरून विचारलं.

पंगत थांबली. म्हातारबुवांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "आरं लेकरा, ती आपल्या गावची कुठं? लगीन लावून दिलीया न्हवं तिला."

कुणीतरी "व्हय व्हय" म्हणालं. वाढपी पुढे सरकला. आबा खाली मान घालून भात कालवत राहिले. त्या क्षणी मी पत्रावळ लाथाडून उठलो, असं मी पुढे कितीतरी जणांना सांगत आलो. ते खोटं आहे. लोकं बघत होती. माझ्या पत्रावळीवर गुळवणी वाढली गेली, आणि मी पोटभर जेवलो.