माझे वरचे दोन दात आणि आमची सुंदरी

शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ही माहिती मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी मिळाली, आणि ती मिळाली तेव्हा मी मुलीचं लग्न पुढं ढकलायला निघालो होतो.

सुरुवात दातवणापासून झाली. कळंबच्या एका कॉलेजात मी क्लार्क आहे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला कधी ना कधी निसर्गाची ओढ लागतेच. मोबाईलवर कुणीतरी पाठवलेला एक व्हिडिओ बघितला आणि टूथपेस्ट म्हणजे नुसती थेरं आहेत असं घरात जाहीर करून मी अंगणातल्या कडुलिंबाची काडी चावायला लागलो. (घरात टूथपेस्ट आणणारा मीच होतो, पण ते असो.) झाडाला रोज इजा नको म्हणून एकच काडी बरेच दिवस पुरवायचो. दात घासून झाले की ती धुऊन अंगणातल्या मोरीच्या कठड्यावर ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी परत तीच.

"हे बघ," मी बायकोला, संगीताला, काडीचं टोक दाखवायचो. "काल कसं कडक होतं! आज बघ, लोण्यासारखं मऊ. तुझ्या ब्रशला जमंल का हे?"

"माझ्या तोंडासमोर नाचवू नका ती," एवढंच ती म्हणायची.

मग माझ्या हिरड्या सुजल्या. रक्त यायला लागलं, पू यायला लागला. मी म्हटलं, शरीरातली घाण बाहेर पडतेय, चांगलंच आहे! पण वरचे पुढचे दोन दात हलायला लागले तेव्हा माझं धाबं दणाणलं. प्रज्ञाचं लग्न महिन्यावर आलं होतं. एकुलती एक पोर. तिच्या लग्नात स्टेजवर उभं राहून चार शब्द बोलायचे, पाहुण्यांकडं बघून हसायचं, हे मी ती शाळेत होती तेव्हापासून मनात घोळवत आलेलो. आणि तिथं बोळकं घेऊन उभं राहायचं? मला खरंच रडू यायला लागलं.

एसटीनं धाराशिवला गेलो. दाताच्या डॉक्टर मॅडमनी हिरडीतला पू तपासायला पाठवला आणि मऊ ब्रश वापरायला सांगितलं. नंतर त्यांचा फोन आला. "काका, हा जंतू माणसाच्या हिरडीत सहसा सापडत नाही. दुर्मीळ आहे. या लगेच."

दुर्मीळ! आमच्या सात पिढ्यांत कुणाला दुर्मीळ असं काही झालेलं नाही. सर्दी, पडसं, फार तर मुतखडा. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, प्राचार्यांना केबिनमध्ये जाऊन सांगितलं. संध्याकाळी पाहुणे भेटायला यायला लागले, प्रत्येकाच्या हातात बिस्किटांचा पुडा. (मला एकही चावता येत नव्हतं.)

दुसऱ्या खेपेला संगीताही सोबत आली होती, आणि तिच्यासमोरच मॅडमनी माझी सगळी हवा काढली.

"काका, हा जंतू जनावरांच्या तोंडात असतो. घरी जनावर आहे का?"

"एक शेळी आहे आईची. पण आमचा तसा काही संबंध येत नाही."

"तिचं तोंड तुमच्या तोंडाजवळ येतं का?"

संगीतानं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की आमच्या तीस वर्षांच्या संसारात तसं कधी बघितलं नव्हतं.

मॅडमनी हिरड्या बधिर करून दातांच्या मुळापर्यंत सफाई केली, हलणारे दोन दात शेजारच्या दातांना बारीक तारेनं बांधले, गोळ्या आणि गुळण्यांचं औषध दिलं. "दात वाचतील का?" मी विचारलं. "हिरड्यांनी धरलं तर वाचतील," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच संगीताची हाक आली. "अहो, इकडं या! खिडकीतनं बघा."

बघतो तर सुंदरी, म्हणजे आमची शेळी, मागच्या पायांवर उभी. पुढचे दोन्ही पाय मोरीच्या कठड्यावर. टाकायची राहून गेलेली माझी काडी तिथंच पडली होती. तिचं टोक तोंडात धरून सुंदरी शांतपणे चावत होती. चावून चावून लोण्यासारखं मऊ केलं आणि कंटाळा आल्यावर काडी होती तिथंच सोडून खाली उतरली.

संगीतानं माझा नवा ब्रश आणून माझ्या हातात ठेवला.

मी तडक अंगणात गेलो. जंतू हिचाच असेल, तर हिच्या दातांचं काय झालंय ते बघावं म्हणून तिचं तोंड उघडलं. वर पुढं एकही दात नाही! नुसती हिरडी! मी लगेच मॅडमना फोन लावला.

"मॅडम, वरचे सगळे गेले!"

"काय? काका, तार तुटली का?"

"माझे नाही, शेळीचे!"

मॅडमनी आवाज एकदम हळू केला. मग, "काका, गोळ्या जेवणानंतरच घेताय ना?"

त्यांच्या लक्षात येईना म्हणून मी फोन ठेवला आणि थेट परंड्याला व्याह्यांना लावला. लग्न दोन महिने पुढं ढकलू, तोवर कवळी तरी बसवून घेऊ. रिंग वाजत होती तोच आई काठी टेकत बाहेर आली.

"काय झालंय रं? सुंदरीचं तोंड कशापायी फाकवलंस?"

"आई, हिचे वरचे दात जंतूनं खाल्ले! आता माझेपण जाणार!"

आई कपाळावर हात मारून खालीच बसली. "आरं येड्या, शेळीला वरचं म्होरचं दात नसत्यातच! जलमापासनं न्हाईत. शेळीच्या दुधावर वाढलास की रं तू! हापिसात काय बघून पगार देत्यात तुला?"

तेवढ्यात फोनमधून आवाज आला. "हॅलो, बोला की व्याहीबुवा."

"काही नाही," मी म्हटलं. "जेवलात का, विचारायला केला होता."

सकाळचे सात वाजले होते.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. हिरड्यांनी धरलं आणि दात राहिले. स्टेजवर मी बोललो, हसलो, प्रज्ञाला जवळ घेऊन रडलोसुद्धा, आणि तार कुणाला दिसली नाही. सुंदरीचं दावं आता आखूड केलंय. मी मोरीपाशी ब्रशनं दात घासतो तेव्हा ती तोंडातला पाला चघळायची थांबून माझ्याकडं टक लावून बघत राहते.

"आई, ही अशी का बघते गं रोज?" मी परवा विचारलं.

"बघंल न्हाय तर काय," आई म्हणाली. "इतकं दिस तिचं उष्टं खाल्लंस. आता एकाएकी कशापायी सोडलंस, कळंना झालंय तिला."