जिभेला रंग कसा लागेल?

योगराजचे हात बारा वर्षांत एकदाही धड स्वच्छ झाले नव्हते. बमरोलीच्या एका मिलमध्ये तो साड्यांचा रंग कालवायचा. साबण झाला, रॉकेल झालं, लिंबू झालं, पण नखांतला निळा काही हलेना. तो राहायचा त्या गोडादऱ्यात पोरंटोरंसुद्धा त्याला ‘निळ्या’ म्हणायची, आणि तोही ओ द्यायचा.

मुलगी झाली आणि काही दिवसांनी तिचीही नखं निळसर दिसू लागली, तेव्हा त्याच्या आईने, धुरपदाबाईने, निकालच देऊन टाकला. “तुना हातना रंग पोरले लागी गया! हात नको लावू तिले!” म्हातारीपुढे बोलायची कुणाची छाती? बिचारा महिनाभर लेकीला लांबूनच बघत राहिला. पोर दूध ओढताना दमायची, घामाघूम व्हायची, आणि घरात भांडण कशावरून, तर याने हात नीट धुतले की नाही यावरून! आता बोला.

शेवटी बायको भडकली. पोर रडत असताना गायत्रीने तिच्या तोंडात पाहिलं आणि सासूला विचारलं, “आई, जिभेला रंग कसा लागेल?”

धुरपदाबाईने वाकून पाहिलं आणि पोरीला दुपट्यात गुंडाळलं. तासाभरात सगळे रिक्षाने दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या छातीवर जेल लावून इको सुरू केला. पडद्यावर लाल-निळं हलू लागलं. निळं दिसताच योगराज ओरडला, “मॅडम, तोच रंग!”

“नाही हो. रक्त यंत्राकडे येतंय की लांब जातंय, एवढंच हा रंग सांगतो.”

मग बाई बराच वेळ एकाच जागी शोधत राहिल्या. फुप्फुसांतून शुद्ध रक्त आणणाऱ्या चार शिरा हृदयाच्या डाव्या कप्प्यात उघडायला हव्यात. तिथे एकही सापडेना. चारी मागे एकत्र होऊन उजवीकडे जात होत्या, आणि शुद्ध रक्त अशुद्धात मिसळत होतं.

“जन्मापासूनचं आहे, क्वचितच होतं. ऑपरेशन लगेच करावं लागेल, नाहीतर पोर हातची जाईल. तुमच्या रंगाचा यात काही दोष नाही.”

एवढा धिप्पाड गडी, तिथेच ढसाढसा रडला. भीती होतीच, पण महिनाभराचं ओझंही उतरलं होतं.

ऑपरेशन सहा तास चाललं. अकराव्या दिवशी पोर वॉर्डात आली. योगराजने कोपरापर्यंत हात घासून धुतले, तरी निळे ते निळेच. त्याने ते पाठीमागे लपवले.

धुरपदाबाईने ते ओढून पुढे घेतले आणि पोर त्यांत ठेवली. पोरीने त्याचं बोट मुठीत धरलं. तिची नखं गुलाबी होती.

“धर ना भो,” म्हातारी म्हणाली, “तुना रंग लागत नही तिले.”