कालव्याच्या दाराचा दांडा

तिला सगळे कोणबाई म्हणत. कुणी काहीही सांगितलं की हिचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोण म्हणतं?" भाजीवाली म्हणाली, "आज सकाळीच तोडलीय," की ही विचारणार, "कोण म्हणतं?" एकदा भाजीवाली वैतागली. "भाजी म्हणते! विचार तिलाच!" त्या दिवसापासून नाव पडलं, आणि पडलेलं नाव काही कुणी उचलून ठेवत नाही.

तो तिचा स्वभाव नव्हता, कामाची सवय होती. कालव्याच्या खात्याची जुनी कचेरी रिकामी पडली होती, तिथे गावाने संग्रहालय केलं होतं. लांबट खोल्या, उंच खिडक्या, भिंतींना ओलीचे नकाशे. नांगर, वजनं, शिलाईची यंत्रं, शाळेच्या घंटा, कुणाकुणाचे चष्मे. कोणबाई तिथे वस्तूंची कार्डं लिहायची. वस्तू काय, कुठून आली, आणि खाली दोन ओळी माहिती. ती माहिती कुणी दिली हे कार्डावर कधीच नसायचं, आणि तेच तिला खुपायचं. पायात काटा मोडावा आणि वर बूट घालून चालायला सांगावं, तसं.

मग संगणक आले, आणि त्यांच्यामागून शिकवायला एक माणूस आला. जुन्या वस्तूंची माहिती कशी रचायची याचा एक आराखडा असतो, जगभरची संग्रहालयं तो वापरतात, असं त्याने सांगितलं. फळ्यावर त्याने दोन वर्तुळं काढली. एकात लिहिलं वस्तू, दुसऱ्यात माणूस.

"या दोघांच्या मधे सरळ रेघ ओढायची नाही," तो म्हणाला. "मधे काहीतरी घडलेलं असलं पाहिजे. कुणी बनवली, कुणी विकत घेतली, कुणी उचलून नेली. ती घटना लिहायची. मग वस्तू आणि माणूस आपोआप जोडले जातात."

मागच्या बाकावरून पहारेकऱ्याने हात वर केला. "म्हणजे माझी बायको माझी, असं लिहिता यायचं नाही?"

"नाही. तुमचं लग्न झालं, असं लिहायचं."

"आणि ते कुणी जमवलं, तेही?"

"तेही."

"मग लिहाच. त्या माणसाला मी कधीपासून शोधतोय."

सगळे हसले. कोणबाई हसली नाही, ती टिपून घेत होती. पुढे तो माणूस म्हणाला, की प्रत्येक गोष्टीपुढे ती सांगणारा कोण, हेही लिहायचं. दोघांनी दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर दोन्ही ठेवायच्या, एक पुसून दुसरी नाही. ते ऐकताना तिला वाटलं, एवढी वर्षं ती एकटीच विचारत होती, आणि आता कुणीतरी तो प्रश्न विचारायला एक रकानाच करून दिला आहे.

कार्डं संगणकावर चढवायचं काम तिच्याकडे आलं. करत करत ती तिसऱ्या खोलीतल्या काचेच्या पेटीशी पोचली. त्या पेटीसमोर ती आजवर कधी थांबली नव्हती. झाडलोट करणारी बाई ती पेटी पुसायची तेव्हासुद्धा कोणबाई खिडकीबाहेर बघायची.

पेटीत हातभर लांबीचा लोखंडी दांडा होता. एका टोकाला चौकोनी भोक, दुसऱ्या टोकाला हातांनी गुळगुळीत झालेली लाकडी मूठ. तिच्याआधीच्या कुणीतरी लिहिलेलं कार्ड होतं: "कालव्याच्या दाराचा दांडा. मोठ्या पुरात दार बंदच राहिलं, पाणी खालच्या गल्लीत शिरलं. पाटकरी जागेवर नव्हता."

कालव्याची दारं उघडून जादा पाणी ओढ्यात सोडणारा आणि ती पुन्हा मिटणारा तो पाटकरी. शाळेच्या सहली येत, तेव्हा मुलं ते कार्ड मोठ्याने वाचत. शेवटच्या वाक्यावर शिक्षक म्हणत, "बघा, कामावर नसलं की काय होतं!"

तो पाटकरी कोणबाईचा बाप होता.

चौकशी झाली, नोकरी गेली, उरलेलं आयुष्य त्याने दुसऱ्यांची कुंपणं बांधण्यात घालवलं. घरात मात्र त्याचं म्हणणं एकच होतं, "मी जागेवर होतो. जीव खाऊन फिरवला दांडा, दार हललं नाही." कोणबाईच्या आईने त्यावर विश्वास ठेवला. ठेवावाच लागला. खालच्या गल्लीत तिची सख्खी बहीण बुडाली होती, बहिणीचा नवराही. त्यांचा मुलगा वरच्या अंगाच्या शाळेत होता म्हणून वाचला. त्याला या घराने वाढवलं. तो आता नळ दुरुस्त करायचा, आणि कोणबाईला तो सख्ख्या भावासारखा दादा होता.

तर कोणबाई तो दांडा संगणकावर चढवायला बसली. घटना: पूर. ठिकाण, दिवस, सांगणारा: चौकशी समिती. मग आली शेवटच्या वाक्याशी. पाटकरी जागेवर नव्हता. तिने रकाने धुंडाळले. कोण हजर होता, याला रकाना होता. कोण हजर नव्हता, याला नव्हता. जे घडलं तेच लिहिता येत होतं, न घडलेल्याला जागाच नव्हती.

ती संग्रहालयाच्या मोठ्या बाईंकडे गेली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, मग सुटलात की तुम्ही! जुनी कार्डं गोदामात जाणार. नव्यात ते वाक्य बसत नाही, तर नाही बसत. वडिलांना सांग, पेढे वाटा म्हणावं."

दुपारीच सुट्टी मागून ती घरी आली. पाय जमिनीला लागत नव्हते. बाप खाटेवर होता. छाती भात्यासारखी वरखाली व्हायची, डॉक्टरांनी हात टेकले होते. दादा त्याचे पाय कोमट पाण्याने पुसत होता.

"काका, बोटं हलवा बघू. हां. अजून नळ चालू आहे, काळजी नको," दादा म्हणाला आणि बादली घेऊन मोरीकडे गेला.

ती खाटेशी बसली. "बाबा, ते वाक्य गेलं. आता कुठे लिहिलेलं राहणार नाही."

त्याला कळायला वेळ लागला. तिने पुन्हा सांगितलं. हसेल, निदान हात तरी धरेल, असं तिला वाटलं होतं. त्याने विचारलं, "मग मी कुठे आहे त्यात?"

"कुठेच नाही."

"म्हणजे दार आपोआप बंद राहिलं?"

ती त्याची उशी सारखी करू लागली.

"लिही," तो म्हणाला. "मी नव्हतो जागेवर. लिही."

"अहो बाबा, आयुष्यभर तर सांगत आलात, होतो म्हणून."

"तुझ्या आईला सांगत होतो." धाप लागली म्हणून तो थांबला. "ती गेली. आता कुणाला सांगू?"

"नव्हता, असं लिहिताच येत नाही, बाबा. काय झालं तेवढंच लिहिता येतं."

त्याने एकदा मोरीकडे पाहिलं. मोरीत पाण्याचा आवाज चालू होता. मग त्याने तोंड तिच्या कानाशी आणलं. "दांडा मी घरी आणला. हे झालं. हे लिही."

तुकड्यातुकड्याने त्याने सांगितलं. सकाळी पाणी चढायला लागलं. दार उघडायचा हुकूम आला होता. पण त्याचं बिऱ्हाड सखल घरात होतं, वरचं घर नुकतंच मिळालं होतं, सामान हलवायचं राहिलं होतं. आधी घरचं हलवू, मग येऊन दार उघडू, एवढंच त्याच्या मनात आलं. दांडा काढून खांद्यावर ठेवायची सवय होती, तसाच तो ठेवून निघाला. पोरं खेळतात म्हणून दाराला दांडा लावून ठेवायचा नाही, असा नियमच होता. बिछाने नेले, पिठाचा डबा नेला, शिलाईचं यंत्र नेलं. परत निघाला तेव्हा रस्ताच नव्हता. लांबून दिसत होतं, खालच्या गल्लीतली माणसं दारापाशी पोचली होती, चौकोनी खुंटी नुसत्या हातांनी फिरवायला बघत होती. पाणी ओसरल्यावर त्याने दांडा नेऊन चिखलात टाकला. तिथेच तो सापडला.

"दादाला सांगा," ती म्हणाली. "लिहीन मी. पण आधी त्याला सांगा."

"तो घास भरवतो तेव्हा जीभ लुळी पडते माझी. म्हणून तर लिही म्हणतोय. मी गेल्यावर वाचेल."

"लिहिलं की त्याच दिवशी सगळ्यांना दिसतं, बाबा. मागाहून उघडायची सोय नाही त्यात."

मोरीतला आवाज थांबला. दादा हात पुसत आला. "काय खलबतं चाललीत बापलेकीची? काका, हिचं ऐकू नका, ही तुमच्याकडेही पुरावा मागेल." बापाने डोळे मिटून घेतले. दादाने पांघरूण त्याच्या हनुवटीपर्यंत ओढलं, आणि दोन्ही बाजूंनी नीट खोचलं.

दुसऱ्या दिवशी कोणबाईने मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, पुन्हा वर नेला. "आजारी म्हाताऱ्याचं बोलणं आहे हे. ज्वरात माणूस काहीही बोलतो. नुसत्या त्याच्या शब्दावर कसं लिहायचं? दुसरं कोण सांगतंय?"

कोणबाईचा हात हनुवटीकडे गेला. तिथे एक जुना व्रण होता. वरच्या घरातली पहिली सकाळ, बिछान्यांचा ढीग, त्यावर उड्या मारताना कशावर तरी आपटली होती ती. गार, लोखंडी, चिखल न लागलेलं काहीतरी. आईने हळद दाबली होती. बापाने ती वस्तू झटकन पांघरुणाखाली सारली होती. इतकी वर्षं तिला फक्त रक्त आठवायचं.

"मी," ती म्हणाली.

"तुझ्या बापाविरुद्ध?"

"विरुद्ध नाही. त्यांच्याबरोबर."

"बाळ, लोक तोंडात शेण घालतील गं तुमच्या."

"घालू देत."

मोठ्या बाई उठल्या. त्यांनी दार लोटून घेतलं, एवढंच. हो म्हणाल्या नाहीत, आणि नकोही म्हणाल्या नाहीत.

तिने लिहिलं. घटना: वस्तू हलवली. वस्तू: दांडा. कुठून: कालव्याचं दार. कुठे: पाटकऱ्याचं वरचं घर. कुणी: पाटकरी. सांगणारे: पाटकरी स्वतः, आणि त्याची मुलगी. कारणासाठी एक मोकळी जागा होती. घरातून निघताना बापाने बजावलं होतं, "कारण लिहू नकोस. कारण वाचलं की लोकांना दया येते." तिने ती जागा तशीच सोडली. मग दादाला फोन केला. "संग्रहालयात ये. नळाचं काम नाहीये."

तो हत्यारांची पिशवी घेऊनच आला. तिने खुर्ची सरकवली. तो सावकाश, ओठ हलवत वाचायचा. वाचता वाचता ओठ थांबले, आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून हलायला लागले.

"कोण म्हणतं?" त्याने विचारलं.

तिने सांगणाऱ्यांच्या रकान्यावर बोट ठेवलं.

तो उठला नाही, ओरडला नाही. पिशवीतला पाना काढून त्याने मांडीवर ठेवला, त्याचा जबडा उघडत राहिला, मिटत राहिला. पाना पडला तेव्हा दोघांनीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"यात माझी आई कुठे आहे?"

"पुराच्या घटनेत आहे. खालच्या गल्लीतली सहा माणसं, असं."

"सहा?"

"चौकशीत तेवढीच आहेत."

"नावानिशी लिही." त्याने आईचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं. तिने टाइप केलं. मग तो म्हणाला, "बाळ होतं. माझी बहीण. ती त्यांनी मोजलीच नाही. पाळणा सापडला, ती नाही."

कोणबाईला माहीत नव्हतं. आईने मावशीच्या बाळाबद्दल कधी अवाक्षर काढलं नव्हतं.

"नाव काय लिहू?"

"ठेवायचं राहिलं होतं. आई तिला चिमणी म्हणायची." त्याचा आवाज इथे फुटला. "लिही चिमणी. सांगणारा, मी."

तिने लिहिलं. सहाचे सात झाले.

"आता हे सात आणि तो दांडा, जोड."

जोडायची सोय होती. या घटनेमुळे ती घटना, असा एक दुवा असतो. तिने एका घटनेवरून दुसरीवर रेघ ओढली. रेघ दोनदा निसटली, तिसऱ्यांदा बसली. दादाने ती बसलेली पाहिली आणि पिशवी उचलली.

"घरी येणार ना?" तिने विचारलं. "त्यांच्या औषधाची वेळ झालीय."

"आज तू दे." दाराशी तो थांबला. "उशीला टेकवून बसवायचं आधी. नाहीतर ठसका लागतो." आणि गेला.

ती घरी आली. बापाला उशीला टेकवून बसवलं, औषध दिलं. त्याची नजर तिच्या खांद्यावरून दाराकडे होती.

"वाचलं त्याने?"

"वाचलं."

"काय म्हणाला?"

"नावं सांगितली. आईचं, वडिलांचं." ती थांबली. "आणि चिमणीचं."

बापाचं तोंड उघडं राहिलं. औषधाचा एक ओघळ हनुवटीवरून खाली आला, तो पुसायचं भान तिलाही राहिलं नाही.

"तिची नोंद आधी नव्हती?" त्याने विचारलं.

"नव्हती."

"कुणालाच माहीत नव्हतं?"

"दादाला होतं."

"मलाही होतं," तो म्हणाला. मग भिंतीकडे तोंड केलं. दार उघडंच होतं. बाहेर कुणाची तरी पावलं आली, तशीच पुढे निघून गेली, आणि दोघंही ती ऐकू येईनाशी होईपर्यंत ऐकत राहिली.