लाईट परत आल्यावर

चांद्यातले एक ओळखीचे गृहस्थ माझे सी भाषेतले नवशिके प्रोग्राम तपासून देतात. कोड ते आधी वाचतच नाहीत. प्रोग्राम भरलेल्या बोर्डाची वायर काढतात, परत लावतात आणि मशीन चालू-बंद करणाऱ्या रिलेला कान देतात. परवा वायर लावताच रिले आपोआप वाजला.

"सुरुवातीलाच बंद ठेव म्हनून लिवलं न्हाई तुमी. लाईट आली की मशीन सोताहून फिरतंय."

"एका ओळीचं तर काम," मी हसलो.

"आमच्या चारा कापायच्या कडबाकुट्टीत बी तेवढीच ओळ ऱ्हायली व्हती. प्रोग्राम माझा व्हता."

त्यांच्या पत्नी, वहिनी, चहा घेऊन दारात दिसल्या, तशी गृहस्थांनी बोर्डाची वायर उपटली. वहिनींनी एकेक करून कप ठेवले, डाव्या हाताने. उजवा मनगटापाशीच संपला होता.